जीन हॅकमन: सुरुवात कुठून करू?

मुग्धा_नाशिक

मंडळी, एक मदत हवी आहे.

२०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकन नट जीन हॅकमन गेल्याची बातमी आली तेव्हा आमचे बाबा दिवसभर गप्प होते. संध्याकाळी म्हणाले, "पॉपाय डॉइल गेला." मला काही बोध झाला नाही. बाबा कॉलेजात असताना फिल्म सोसायटीच्या नादी लागले होते आणि त्यांच्या तोंडी आजही हॉफमन, पचिनो, हॅकमन ही नावं आमच्या नातेवाइकांपेक्षा जास्त असतात. त्यानंतर मी दोन सिनेमे बघितले. 'सुपरमॅन' (१९७८), ज्यात तो खलनायक लेक्स लूथर आहे, आणि 'अनफरगिव्हन' (१९९२).

दोन्हीत एकच माणूस आहे हे पटवून घ्यायला मला नेट चाळावं लागलं. पण खरं सांगायचं तर त्याचं मोठेपण कशात आहे ते कळलं नाही. डी निरो भूमिकेसाठी वजन वाढवतो, ब्रँडो आवाज बदलतो, म्हणजे काहीतरी दिसतं. हा माणूस काही करतानाच दिसत नाही. दिसायला बेताचा, टक्कल पडत चाललेला, चाळिशीच्या आत कधी होता की नाही अशी शंका यावी असा. बाबांना विचारलं तर म्हणतात, "बघत राहा, कळेल." हे काही उत्तर नव्हे.

तर जाणकारांनी सांगावं: पुढे कुठला बघू, आणि बघताना नक्की काय बघू?

रात्रपाळी

'द फ्रेंच कनेक्शन'. विषय संपला.

कटकट्या

विषय संपला कसा? मग धागा कशाला काढलाय त्यांनी? सविस्तर लिहा की ओ.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

बूमवाला

मुग्धा, विषय संपलेला नाही. पण सुरुवात रात्रपाळी म्हणतात तिथूनच कर.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं कुठून येतंय ते कळेल. मी मराठी सिनेमा, मालिका, जाहिराती यांच्या सेटवर साउंडचं काम केलं. पहिली बरीच वर्षं बूम, म्हणजे लांब दांड्याला लावलेला माइक, धरण्यात गेली. बूम धरणारा माणूस नटाच्या अगदी जवळ उभा असतो आणि त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नसतं. हेडफोनमधून नटाचा श्वासही ऐकू येतो. काही नटांचा 'कट' म्हटल्यावर श्वास सुटतो, म्हणजे टेकभर त्यांनी तो धरून ठेवलेला असतो. काहींचा श्वास टेकच्या आधी, मधे, नंतर सारखाच चालू असतो. हे दुसऱ्या जातीचे लोक फार थोडे. हॅकमनबरोबर अर्थातच मी कधी काम केलं नाही, पण पडद्यावर बघून सांगतो, तो त्या जातीचा आहे.

आता 'फ्रेंच कनेक्शन'मधली गाडीची शर्यत सगळे सांगतील. वर उन्नत रेल्वे, खाली ब्रुकलिनच्या रस्त्यावर पॉपायची, म्हणजे हॅकमनने केलेल्या पोलिसाची, गाडी. ती बघच. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. उत्तर पिझ्झ्यात आहे.

सीन असा. न्यूयॉर्कचा हिवाळा. हेरॉइनचा धंदा करणारा फ्रेंच माणूस, म्हणजे फर्नांडो रे, एका उंची रेस्टॉरंटात आपल्या साथीदाराबरोबर निवांत जेवतोय. वाइन, एकामागून एक पदार्थ, पुढ्यात अदबशीर वेटर. रस्त्याच्या पलीकडे एका दारात पॉपाय डॉइल उभा. नाक लाल झालंय, पाय आपटतोय, हात चोळतोय. जोडीदार (रॉय शायडर) त्याला पिझ्झ्याचा तुकडा आणि कागदी पेल्यातली कॉफी आणून देतो. तो पिझ्झा खातो, कॉफी तोंडाला लावतो आणि उरलेली फुटपाथवर ओतून टाकतो.

ते ओतणं बघ. फेकत नाही, चिडत नाही, तोंड वाकडं करून प्रेक्षकाकडे बघत नाही. नळाखाली पेला उपडा करावा तसा ओततो. त्या एका हालचालीत त्या माणसाची कॉफी, नोकरी, पगार, समोर बसलेल्या श्रीमंताबद्दलची जळजळ, सगळं येतं. आणि तोंडून एक अक्षर नाही. तू म्हणतेस तो काही करताना दिसत नाही. तो करतो ते हे.

अशा दारात उभं राहणं त्याला शिकावं लागलं नव्हतं. न्यूयॉर्कला धडपडत असताना हा टाइम्स स्क्वेअरमधल्या हॉवर्ड जॉन्सन रेस्टॉरंटच्या दारात दरवान होता. डोअरमनचा गणवेश घालून. एकदा पॅसाडिना प्लेहाउसमधला त्याचा जुना मास्तर समोरून गेला आणि थांबून म्हणाला की तुझं काही होणार नाही हे मी सांगितलंच होतं. हा किस्सा हॅकमनने स्वतः मुलाखतींत सांगितलाय. त्या पॅसाडिनाच्या नाट्यशाळेत हा आणि डस्टिन हॉफमन बरोबर होते, आणि यशस्वी होण्याची शक्यता सगळ्यात कमी असलेले विद्यार्थी म्हणून या दोघांचं नाव निघालं होतं. हॉफमन न्यूयॉर्कला आला तेव्हा हॅकमनच्या छोट्या घरात, स्वयंपाकघरातल्या फरशीवर, फ्रिजशेजारी झोपायचा. तिसरा मित्र रॉबर्ट डुव्हाल. या तिघांपैकी एकालाही तेव्हा कुणी हीरो म्हणून उभं केलं नसतं.

ट्रक चालवणं, लोकांचं फर्निचर जिने चढवणं, बूट विकणं, सगळं करून झालं. 'बॉनी अँड क्लाइड' १९६७ मध्ये आला तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. ते काम कसं मिळालं? 'लिलिथ' (१९६४) या सिनेमात वॉरन बेटीबरोबर त्याचा एकच छोटा प्रसंग होता. 'बॉनी'चा हीरो आणि निर्माता बेटीच. त्याच्या डोक्यात तो राहिला. एका सीनची ही कमाई. त्याच १९६७ साली 'द ग्रॅज्युएट'च्या तालमीतून त्याला काढून टाकलं, वयस्कर मिस्टर रॉबिन्सनच्या कामाला वयाने लहान दिसतो म्हणून! आणि त्याच सिनेमाने हॉफमन स्टार झाला. मित्र तरीही मित्रच राहिले. आपल्याकडे या एवढ्या कारणावरून तीन पिढ्या बोलणं बंद असतं.

'फ्रेंच कनेक्शन'लाही तो पहिल्या पसंतीचा नव्हता. दिग्दर्शक फ्रीडकिनला आधी दुसरेच लोक हवे होते. एका वर्तमानपत्रातल्या स्तंभलेखकालाही घेऊन बघितलं होतं, जिमी ब्रेस्लिन त्याचं नाव. पॉपाय ज्या खऱ्या पोलिसावरून घेतला तो एडी इगन सेटवर असायचा, सिनेमात त्याचं छोटं कामही आहे. इगनची भाषा, त्याची मारझोड, काळ्या माणसांशी वागण्याची तऱ्हा हॅकमनला सहन होईना. थोबाडीत मारायचा सीन पुन्हा पुन्हा घ्यावा लागला आणि सुरुवातीलाच त्याने मला सोडा म्हणून सांगितलं. सोडलं नाही. १९७२ च्या एप्रिलमध्ये ऑस्कर घेऊन आला. तो न आवडणं पडद्यावर कुठेतरी उतरलंय असं मला वाटतं. पॉपाय स्वतःवरही खूश नाही.

'द कॉन्व्हर्सेशन'बद्दल वेगळं लिहितो, जेवून येतो.

शिकागोकर

बूमवाले, जेवून या, तोवर मी थोडं घालते.

मी शँपेन-अर्बानाला युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉयमध्ये शिकायला होते. तिथून आय-७४ हायवेने पूर्वेला, इंडियानाच्या हद्दीला टेकून डॅनव्हिल नावाचं गाव आहे. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, मधे सरळ रस्ता. हॅकमन जन्मला कॅलिफोर्नियात, सॅन बर्नार्डिनोला, ३० जानेवारी १९३०, पण वाढला डॅनव्हिलमध्ये, आजीच्या घरी. वडील तिथल्या 'कमर्शियल-न्यूज' या दैनिकाच्या छापखान्यात मशीनवर होते.

तो तेरा वर्षांचा असताना रस्त्यावर खेळत होता. वडील गाडीतून जाताना दिसले. त्यांनी हात हलवला आणि निघून गेले. ते घर सोडून गेले होते. बोलणं नाही, थांबणं नाही. त्या हात हलवण्यातच त्याला कळलं. 'इनसाइड द अॅक्टर्स स्टुडिओ' या टीव्हीवरच्या मुलाखतींच्या कार्यक्रमात हे सांगताना सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा गळा दाटून येतो. एवढ्याशा हावभावात केवढं काय असू शकतं हे तेव्हा समजलं आणि कदाचित म्हणूनच मी नट झालो, अशा अर्थाचं तो म्हणतो. तुम्ही कॉफी ओतण्याबद्दल लिहिलंत ते वाचताना मला हेच आठवलं.

सोळाव्या वर्षी वय खोटं सांगून अमेरिकेच्या मरीन सैन्यात गेला. चीनमध्ये होता, रेडिओ ऑपरेटर. साडेचार वर्षांनी सुटल्यावर सरकारी योजनेतून आमच्याच युनिव्हर्सिटीत पत्रकारिता शिकायला आला आणि सोडून गेला. (आम्ही तरी हे मिरवतो.)

आईचं मात्र वाईट वाटतं. लहानपणी एकदा सिनेमा बघून बाहेर पडताना ती त्याला म्हणाली होती, तुला असं करताना बघायचंय मला. १९६२ मध्ये तिच्याच सिगारेटने लागलेल्या आगीत ती गेली. तिने यातलं काहीच बघितलं नाही.

मुग्धा, म्हणून माझी शिफारस 'आय नेव्हर सँग फॉर माय फादर' (१९७०). म्हातारा, हेकट बाप आणि चाळिशीचा मुलगा. मेल्विन डग्लस बाप आहे. सिनेमा म्हणून जरा नाटकी वाटेल, पण हॅकमन बापाचं बोलणं ऐकून घेतो ते बघ. फक्त ऐकून घेतो.

कटकट्या

सगळं गोड गोड चाललंय म्हणून मीठ टाकतो.

हॅकमनने कचराही भरपूर केलाय. पैशासाठी सिनेमे घेतले हे त्याने स्वतःच सांगितलंय. 'सुपरमॅन'चा चौथा भाग कुणी बघितलाय का? मी बघितलाय. आणि सेटवर माणूस महाभयंकर. 'द रॉयल टेननबॉम्स'च्या वेळी वेस अँडरसन बिचारा तिशीतला, त्याच्यावर इतका खेकसायचा की बिल मरे आपलं काम नसलेल्या दिवशीही दिग्दर्शकाला सोबत म्हणून सेटवर येऊन बसायचा. साधा, सच्चा, कष्टाळू माणूस वगैरे आरती ओवाळताना एवढंही लिहा.

रात्रपाळी

लेक्स लूथर कचरा नाही. मिशीचा किस्सा माहीत नाही वाटतं?

हॅकमनला मिशी काढायची नव्हती. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर म्हणाला, तू काढ, मीपण माझी काढतो. हॅकमनने काढली. मग डॉनरने आपली मिशी ओढून हातात दिली, ती खोटी होती. टक्कल मात्र करून दिलं नाहीच, जवळजवळ सिनेमाभर केसांचे टोप घातलेला दिसतो. मुग्धाताई, परत बघा, आता वेगळाच दिसेल.

बूमवाला

कटकट्या, मान्य. आरती नाहीच. पण 'टेननबॉम्स'चं सांगता तर हेही बघा की अँडरसनने ती भूमिका त्याच्यासाठीच लिहिली, तो नाही नाही म्हणत होता, आणि शेवटी केली तेव्हा त्याला गोल्डन ग्लोब मिळालं. खेकसणारे नट मी पुष्कळ बघितले. त्यातले बहुतेक मेकअप खोलीच्या एसीवरून खेकसतात. तरी सेटवरच्या पोरांना त्याचा त्रास व्हायचा तो होतोच, ते काही मी झाकत नाही.

आता 'कॉन्व्हर्सेशन', १९७४, दिग्दर्शक कपोला. माझ्या धंद्यातल्या माणसाने हा सिनेमा बघितला की तो पुन्हा पूर्वीसारखा झोपत नाही.

हॅरी कॉल हा लोकांची बोलणी चोरून टेप करणारा माणूस. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये दुपारच्या गर्दीत एक जोडपं फिरतंय आणि हॅरीच्या माणसांनी त्यांच्यावर इकडून तिकडून माइक रोखलेत. एक लांबून उंचावरून, एक पिशवी घेऊन मागे मागे. नंतर हॅरी आपल्या वर्कशॉपमध्ये बसून त्या वेगवेगळ्या टेप एकत्र लावतो आणि तुटलेलं संभाषण जोडत जातो. मागे, पुढे, पुन्हा मागे. हॅकमनची बोटं बघ त्या वेळी. यंत्राकडे न बघता बटणं दाबतो. टेप मागे नेताना त्याचं डोकं किंचित कलतं. आमच्या स्टुडिओत एक जुने रेकॉर्डिस्ट होते, त्यांची मान अशीच कलायची, म्हणून सांगतो, हे उसनं आणलेलं नाही. हॅकमनने या कामासाठी सॅक्सोफोनही शिकून घेतला.

आणि हा माणूस किती आक्रसलेला! पाऊस नसतानाही अंगात तो पातळ, पारदर्शक रेनकोट. दाराला कुलुपांवर कुलुपं. वाढदिवसाला घरमालकिणीने घरात वाइनची बाटली ठेवली तर आभार राहिले बाजूला, तुम्ही आत आलातच कशा, हे विचारायला फोन करतो. पॉपाय डॉइल करून ऑस्कर घेतलेला नट तीन वर्षांत हे करतो. पॉपाय सगळ्या खोलीभर पसरलेला असतो. हॅरी कोपऱ्यातसुद्धा मावून जागा उरते.

त्याला या कामासाठी ऑस्करचं साधं नामांकनही नव्हतं. सिनेमाला कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक, ऑस्करला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन, आणि हरला कुणाशी तर कपोलाच्याच 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागाशी. साउंडचं ऑस्कर गेलं 'अर्थक्वेक'ला. थिएटर हादरवणाऱ्या आवाजाला बक्षीस मिळतं, हे अमेरिकेतही तसंच.

त्याच वर्षी 'यंग फ्रँकनस्टाइन'मध्ये तो दाढीवाला आंधळा संन्यासी झालाय. जीन वाइल्डरबरोबर टेनिस खेळायचा, तिथे मागून घेतलेलं काम. राक्षसाच्या मांडीवर गरम सूप ओततो. पाच मिनिटांचा प्रसंग, पोट धरून हसशील. कटकट्या, हेही मिठाबरोबर घ्या.

मुग्धा, 'अनफरगिव्हन' तू बघितलाच आहेस, पण लिटल बिलचं घर आठवतंय का? हा शेरीफ स्वतःच्या हाताने घर बांधतोय आणि एकही कोपरा काटकोनात नाही. त्याचेच लोक पाठीमागे थट्टा करतात. पाऊस आला की छप्पर गळतं. त्या घराबद्दल त्याला केवढा अभिमान! गावात बंदूक आणायची नाही हा त्याचा नियम, आणि नियम मोडणाऱ्याला लाथांनी तुडवताना त्याला आपण काही वाईट करतोय असं वाटतच नाही. मरतानाही त्याची तक्रार हीच, की मी घर बांधत होतो. खलनायक म्हणून त्याने तो केलेला नाही. बेफिकीर सुतार आणि कर्तव्यदक्ष अधिकारी म्हणून केलाय. म्हणून तर अंगावर काटा येतो. पटकथा आली तेव्हा हिंसाचारामुळे त्याने नकार दिला होता. त्याच्या मुलींना त्याचे मारधाडीचे सिनेमे आवडेनासे झाले होते. ईस्टवुडने समजूत घातली. दुसरं ऑस्कर याचंच.

अजून एक हसू सांगतो आणि थांबतो. 'क्रिमसन टाइड' (१९९५). पाणबुडीचा कप्तान हॅकमन, त्याच्या हाताखालचा डेन्झल वॉशिंग्टन. अणुयुद्ध होतंय की नाही अशी वेळ, आणि हे दोघे लिपिझान घोड्यांवर वाद घालतात. घोडे मूळचे पोर्तुगालचे की स्पेनचे. शेवटी सगळं होऊन गेल्यावर कप्तान एवढंच कबूल करतो की घोड्यांबद्दल तुझं बरोबर होतं, स्पेनचेच. ओठाच्या कडेला जेमतेम हसू. माफी मागायची नाही अशा माणसाने मागितलेली माफी.

मुग्धा_नाशिक

बाप रे, एवढं! सगळ्यांना खूप धन्यवाद. बाबांना वाचून दाखवलं. 'स्केअरक्रो' कसा कुणी सांगितला नाही म्हणून रुसलेत.

एक विचारायचं राहिलं. त्याने काम थांबवलं कधी आणि का? शेवटच्या काळातल्या बातम्या वाचून काहीच नीट कळत नाही.

शिकागोकर

शेवटचा सिनेमा 'वेलकम टू मूसपोर्ट', २००४. त्याच्या आदल्या वर्षी 'रनअवे ज्युरी', ज्यात तो आणि हॉफमन पहिल्यांदा एका सीनमध्ये समोरासमोर आले. स्वच्छतागृहातली बाचाबाची. इतकी वर्षं मैत्री आणि एकत्र सीन हा! हृदयाची तपासणी केल्यावर डॉक्टरांनी ताण घेऊ नका म्हणून सांगितलं, हे त्याने नंतर सांगितलं. निरोपाचा समारंभ नाही, परत येणं नाही. न्यू मेक्सिकोत सँटा फेला राहिला, चित्रं काढली, कादंबऱ्या लिहिल्या. त्यातल्या तीन डॅनियल लेनिहान या पाण्याखालच्या पुरातत्त्वज्ञाबरोबर.

शेवट वाईट झाला. पत्नी बेट्सी अराकावा हंताव्हायरसने आधी गेली, आणि साधारण आठवड्याने तो, हृदयविकाराने, ९५ व्या वर्षी. अल्झायमर होता. २६ फेब्रुवारीला दोघेही घरात सापडले. बाकी माध्यमांनी जे चघळलं ते इथे नको.

बूमवाला

बाबांना सांग, 'स्केअरक्रो' (१९७३) मुद्दाम मागे ठेवलाय. पचिनोबरोबरचा. हॅकमनचा स्वतःचा आवडता. तेव्हा चालला नाही आणि त्याला ते फार लागलं. तुमच्या घरी तो बाबांनीच दाखवायचा.

मुग्धा_नाशिक

हो म्हणाले. :) शनिवारी 'फ्रेंच कनेक्शन', रविवारी 'कॉन्व्हर्सेशन'. इंग्रजी सबटायटल लावू ना? मला ते न्यूयॉर्कचे उच्चार झेपत नाहीत.

बूमवाला

'फ्रेंच कनेक्शन'ला खुशाल लाव. 'कॉन्व्हर्सेशन'ला अजिबात नको. सुरुवातीच्या युनियन स्क्वेअरच्या सीनमध्ये शब्द खरखरीत, तुटक ऐकू येतात ते मुद्दाम तसे ठेवलेत. हॅरीलाही तेवढंच ऐकू येतंय. सबटायटल लावलंस तर जे वाक्य शोधायला त्याला अर्धा सिनेमा लागतो ते तुला खाली आयतं छापून मिळेल. शिवाय त्या वाक्यातल्या कुठल्या शब्दावर जोर आहे यावर सगळं अवलंबून आहे, आणि जोर छापता येत नाही. टीव्हीच्या स्पीकरवर बघणार असाल तर पंखा बंद करा.